पाकिटात जिवंत काय आहे, ते पाकिटावर लिहा : कोळंबी तलावांतील प्रोबायोटिकबाबत खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. अध्यक्ष, तटीय जलसंवर्धन प्राधिकरण, चेन्नई

विषय : कोळंबी संवर्धनातील प्रोबायोटिकची गुणवत्ता, रोगनिदान आणि रोगग्रस्त तलावाचे पाणी

महोदय,

शेतकरी कृषी सेवा केंद्रातून रायझोबियमचे पाकीट घेतो तेव्हा त्यात किमान किती जिवंत जिवाणू हवेत, हे कायद्याने ठरलेले असते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जिवाणू खतांचा समावेश झाला. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात, आणि नमुना १ लाखपट विरल केल्यावर त्यात परका जिवाणू दिसता कामा नये. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानातून नमुना उचलू शकतो. तोच शेतकरी खाजणात व्हेनामी जातीची कोळंबी वाढवू लागला की प्रोबायोटिकवर, म्हणजे तलावात किंवा खाद्यात घालायच्या उपयुक्त जिवाणूंवर, त्याचा खर्च जिवाणू खताच्या कितीतरी पट होतो. पण तिथे त्याच्या हाती पडणाऱ्या अनेक पाकिटांवर ‘निवडक उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण’ एवढेच छापलेले असते. जाती कोणत्या, संख्या किती, आणि ती संख्या कारखान्यातून निघतानाची की मुदत संपतानाची, याचा पत्ता नसतो.

२०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर आणि कर्ज यांच्याबरोबर निविष्ठांची गुणवत्ताही त्या दर्जात आली पाहिजे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खार जमिनींवर कोळंबीचे रोगनिदान आणि तलाव व्यवस्थापन हेच आमचे काम आहे. म्हणून हे पत्र.

प्रोबायोटिकला आमचा विरोध नाही. बॅसिलस हा उपयुक्त जिवाणू चांगला असेल, योग्य वेळी आणि योग्य संख्येने पडला, तर तळाचा गाळ कमी होतो, रोग आणणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूला जागा आणि अन्न कमी मिळते, आतड्याला मदत होते. २००१ मध्ये जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येत दोन अटी आहेत : सूक्ष्मजीव जिवंत हवेत आणि पुरेशा संख्येने हवेत. बाजारात नेमक्या याच दोन गोष्टी तपासल्या जात नाहीत.

‘पुरेशी संख्या’ म्हणजे काय, याचा हिशोब मांडतो. १ हेक्टरचा तलाव, पाण्याची खोली १.२ मीटर. म्हणजे १२,००० घनमीटर, अर्थात १,२०० कोटी मिलिलिटर पाणी. ग्रॅमला १०० कोटी जिवंत पेशी असलेली उत्तम भुकटी १ किलो टाकली, तर एकूण पेशी झाल्या १ लाख कोटी. भागाकार केला की मिलिलिटरला ८३ पेशी येतात. त्याच मिलिलिटरमध्ये तलावाचे स्वतःचे जिवाणू लाखांनी असतात. पाकिटात ग्रॅमला १ कोटीच पेशी निघाल्या, तर मिलिलिटरला एक पेशीही वाट्याला येत नाही. अशा तलावात बदल दिसला तर तो हवामानाचा, खाद्य कमी केल्याचा किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) वाढवल्याचा असण्याची शक्यता जास्त. श्रेय मात्र पाकिटाला जाते आणि पुढच्या आठवड्यात दुसरे पाकीट येते.

म्हणून जाणकार शेतकरी भुकटी थेट न टाकता आधी ड्रममध्ये वाढवतात. पद्धत बरोबर आहे, पण ती लिहून कुणी देत नाही, आणि नुकसान इथेच सर्वाधिक होते. खाडीचे किंवा तलावाचे पाणी तसेच ड्रममध्ये घेतात, त्यात गूळ घालतात. गूळ बॅसिलसला जसा चालतो तसा व्हिब्रिओलाही चालतो, आणि उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ १५-२० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. रात्रभरात ड्रम फेसाळतो, वास येतो, शेतकऱ्याला वाटते प्रोबायोटिक छान उठले. सकाळी तो व्हिब्रिओचा ड्रम स्वतःच्या हाताने तलावात ओततो.

बॅसिलससाठी आम्ही सुचवतो ती रीत अशी. २०० लिटरच्या स्वच्छ ड्रममध्ये बोअरचे गोडे पाणी घ्यावे; बहुतेक व्हिब्रिओंना वाढायला मीठ लागते, बॅसिलसला लागत नाही. त्यात १२ ग्रॅम ब्लीचिंग पावडर विरघळवून हवा सोडावी आणि २४ ते ४८ तास थांबावे. क्लोरीन गेला की नाही हे वासावर ठरवू नये. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येत नाही ना, ते पाहावे. मग २ किलो गूळ थोड्या पाण्यात उकळून, गार करून घालावा आणि १०० ते २०० ग्रॅम भुकटी टाकावी. हवा जोरात, अखंड २४ तास. बॅसिलस हवेवर जगणारा आहे. वीज गेली आणि ड्रम दोन-तीन तास स्थिर राहिला की दुसरेच जिवाणू माजतात. आंबट, कुजका किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर ड्रम फेकून द्यावा. चांगला झालेला ड्रम ३६ तासांच्या आत वापरावा आणि ओतण्यापूर्वी अर्धा तास तलावाचेच पाणी थोडे थोडे मिसळावे, म्हणजे जिवाणूंना क्षारतेचा धक्का बसत नाही. लॅक्टोबॅसिलसची रीत वेगळी : झाकण बंद, हवा नाही, आणि पीएच ४ च्या खाली उतरेपर्यंत थांबणे. या दोन्ही जाती एकाच पाकिटात भरून ‘रात्रभर हवा द्या’ अशी सूचना छापणाऱ्याला त्यातल्या एकीची तरी पर्वा नाही, असेच म्हणावे लागते.

ओतायची वेळ सकाळी नऊ ते अकरा, सर्व एरेटर चालू असताना आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असताना. संध्याकाळी गूळ आणि जिवाणू एकत्र पडले की पहाटे तीन-चारला ऑक्सिजन कोसळतो, कोळंबी काठाला येते आणि मग त्यालाच रोग समजून औषध टाकले जाते. आयोडीन, बीकेसी किंवा पोटॅशियम परमँगनेट ही जंतुनाशके टाकल्याच्या दिवशी प्रोबायोटिक टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. त्यांचा असर उतरायला दोन-तीन दिवस द्यावेच लागतात. तरीही काही विक्रेत्यांच्या आठवडी वेळापत्रकात दोन्ही एकाच दिवशी लिहिलेले आढळते.

नायट्रिफाय करणाऱ्या, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या, जिवाणूंच्या भुकट्यांचा वेगळा उल्लेख करतो. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर बीजाणू (कोरड्यातही टिकणारे सुप्त रूप) तयार करत नाहीत. ते सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला अनेक तास, कधी दिवसही घेतात. सुक्या भुकटीत, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गोदामात महिनोन्‌महिने ते जिवंत राहतील, ही अपेक्षाच चूक आहे. शिवाय १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला त्यांना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन आणि सात ग्रॅम अल्कधर्मिता लागते. अल्कधर्मिता मोजली नाही, चुना किंवा खायचा सोडा दिला नाही, तर जिवंत जिवाणूही काम करत नाहीत. अमोनियाचे मूळ बहुधा खाद्याच्या पोत्यातच असते. ३५ टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात ५.६ किलो नायट्रोजन असतो, आणि त्यातला साधारण तीन-चतुर्थांश पाण्यात आणि गाळात जातो. चेक ट्रेमध्ये (खाद्य संपते का ते पाहायच्या ताटात) खाद्य उरत असताना फीड न तोडता पाकिटे वाढवणे हा उलटा व्यवहार आहे. तोच अमोनिया पीएच ८.५ ला, ३० अंश तापमानात, पाचव्या हिश्श्याच्या आसपास विषारी रूपात असतो, पीएच ७.५ ला दोन-अडीच टक्के. त्यामुळे दुपारचा पीएच मोजल्याशिवाय अमोनियाच्या आकड्याला अर्थ नाही.

आता रोगांकडे. सर्वात मोठी फसवणूक इथे होते.

ईएचपी हा सूक्ष्म बीजाणूंचा परजीवी यकृताच्या नलिकांमध्ये वाढतो. सुरुवातीला मोठी मर नसते, पण वाढ थांबते. साठ दिवसांनंतर एकाच तलावात कुठे ५ ग्रॅमची कोळंबी तर कुठे १२ ग्रॅमची. पोखरलेल्या यकृतात व्हिब्रिओही शिरतात आणि पुष्कळदा पांढऱ्या विष्ठेचे धागे पाण्यावर तरंगू लागतात. यावर औषध नाही. कोणतेही प्रोबायोटिक पेशींच्या आत बसलेला ईएचपी मारत नाही. आतड्यातला व्हिब्रिओ थोडा आटोक्यात येऊन मर लांबू शकते, एवढेच. तरी ‘ईएचपीवर खात्रीचा उपाय’ असे सांगून पाकिटे विकली जातात. प्रमाणित चाचणी आणि नोंदीशिवाय रोग बरा करण्याचा दावा छापायला किंवा जाहिरातीत करायला मनाई करावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

ईएचपी थोपवायचा तर तो पीक सुरू होण्यापूर्वीच. तलाव पूर्ण सुकवा, काळा गाळ काढा, मग ओलसर तळावर हेक्टरी ६ टन कळीचा चुना पसरून १० ते १२ सेंटीमीटर नांगरा. तळाचा पीएच १२ च्या आसपास चढला पाहिजे, तरच बीजाणूंना मार बसतो. शेतीचा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट कितीही टाकला तरी हा पीएच येत नाही, आणि दुकानात दोन्हींना ‘चुना’च म्हणतात. सरळ पोते उघडून मूठभर चुना पाण्यात टाकावा : कळीचा असेल तर चटकन तापतो. इतका चुना टाकल्यावर पाणी भरून सोडून पुन्हा भरणे आणि पीएच ८.५ च्या खाली येईपर्यंत बीज न सोडणे, हेही त्याच कामात धरावे लागते.

दुसरा बांध बीजाच्या चाचणीचा. कोकणात बीज बहुतांशी आंध्र आणि तमिळनाडूच्या हॅचरींतून येते, सोबत पीसीआर (रोगाची जनुकीय चाचणी) निगेटिव्हचा कागद असतो. १५० पिल्लांचा नमुना निगेटिव्ह आला, याचा अर्थ बाधित पिल्ले बहुधा २ टक्क्यांपेक्षा कमी आहेत, इतकाच. नियमाप्रमाणे चौरस मीटरला ६० पर्यंत बीज, म्हणजे हेक्टरी ६ लाख; त्यातले १ टक्का बाधित निघाले तरी ६,००० पिल्ले तळाशी विष्ठेतून बीजाणू सोडत राहतात. म्हणून हॅचरीतली एक चाचणी पुरेशी नाही. बीज पोचण्यापूर्वी स्वतंत्र नमुना, आणि बीज सोडल्यावर विसाव्या ते तिसाव्या दिवशी यकृताचा दुसरा, असे दोन तरी हवेत. नमुना जिवंत न्यायची गरज नाही. ९५ टक्के इथेनॉलमध्ये, नमुन्याच्या दहापट द्रव ठेवून, बाटलीवर पेन्सिलीने तलाव क्रमांक आणि तारीख लिहून तो पाठवता येतो. अडचण अंतराची आणि दिवसांची आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांच्याकडे जाणकार माणसे आहेत. नमुना आल्यापासून ४८ तासांत निकाल, ठरलेल्या दरात, हंगामभर रोज, अशी व्यवस्था त्यांच्याशी करार करून उभी राहू शकते. पालघर आणि सिंधुदुर्गाच्या टोकांना नमुना संकलनाची एकेक जागा पुरेल. चाचणी महाग आणि उशिराची, पाकीट मात्र दुकानात हजर, ही आजची स्थिती आहे. माणूस हाताशी असेल तेच वापरतो.

व्हाइट स्पॉट या विषाणूबाबत कुणी प्रोबायोटिकचे नावही काढू नये. खाद्य अचानक थांबते, कोळंबी लालसर होऊन काठाला येते, व्हेनामीत पांढरे ठिपके पुष्कळदा दिसतही नाहीत, आणि तीन ते दहा दिवसांत तलाव रिकामा होतो. अशा वेळी पहिले तास सर्वात महत्त्वाचे. पंप बंद. उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार, बंद. त्या तलावाची जाळी, बादली, चेक ट्रे दुसऱ्या तलावावर नेऊ नये. कोळंबी विकण्याजोगी असेल तर जाळ्याने काढावी, पाणी सोडून काढू नये. उरलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घनमीटरला ६० ग्रॅम टाकावी, किमान सात दिवस कोंडून ठेवावे आणि क्लोरीन शून्य झाल्यावरच खाडीत सोडावे. मेलेली कोळंबी चुन्यासह पुरावी. कावळे-बगळे ती शेजारच्या तलावात नेऊन टाकतात.

हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही पाणी सोडले जाते, कारण वर हिशोबात घेतलेल्या १ हेक्टर तलावाला ७२० किलो ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे २५ किलोची जवळजवळ २९ पोती. नुकतेच पीक बुडालेल्या माणसाने ती त्याच दिवशी, रोखीने, कुठून आणायची? तो उघाडी उचलतो आणि पुढच्या भरतीला शेजारी तेच पाणी पंपाने आत घेतो. एकाच खाडीवरचे तलाव ओळीने बसतात ते असे. म्हणून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात हंगामापुरता आपत्कालीन ब्लीचिंग पावडरचा साठा ठेवा. रोग कळवणाऱ्याला ती मोफत, त्याच दिवशी, तलावावर पोचवा. साठा थंड, कोरड्या जागी हवा आणि दर महिन्याला उपलब्ध क्लोरीन तपासलेला हवा. दमट गोदामात ३० टक्क्यांची पावडर महिन्याभरात बरीच खाली येते, आणि मग ६० ग्रॅमचा हिशोब कागदावरच राहतो. पीएचही पाहावा लागतो : ८.३ ला क्लोरीनचा प्रभावी अंश सातव्या हिश्श्याच्या आसपासच उरतो. त्यामुळे ब्लीचिंग आधी आणि चुना नंतर. हा क्रम उलटला की दोन्ही वाया.

रोग कळवण्यासाठी २०२३ पासून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अॅप आहे, राष्ट्रीय जलचर रोग निरीक्षण कार्यक्रम तर २०१३ पासून चालू आहे. पण आपला तलाव बदनाम होईल, व्यापारी भाव पाडेल, नोंदणी अडचणीत येईल, या भीतीने माणसे गप्प बसतात. कळवणाऱ्याची ओळख गुप्त राहील आणि कळवल्याबद्दल कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे. खाडीनिहाय इशारा मात्र त्याच दिवशी आजूबाजूच्या सर्वांना जावा : कोणत्या खाडीत रोग, किती दिवस पाणी घेऊ नये. तलावाचे किंवा मालकाचे नाव लागत नाही.

प्रतिजैविकांबाबतही थोडे. क्लोराम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान कोळंबीत निषिद्ध आहेत, आणि निर्यातीचा कंटेनर त्यांच्या अंशामुळे परत येऊ शकतो. प्राधिकरणाकडे प्रतिजैविकमुक्त निविष्ठांची नोंद होते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या नोंदीने पाकिटात काय नाही ते कळते. काय आहे, हे सांगणारा कागदही तितकाच आवश्यक आहे. आतड्यासाठी म्हणून विकला जाणारा जो ‘गट प्रोबायोटिक’ दोन दिवसांत पांढरी विष्ठा थांबवतो, त्याची प्रतिजैविकासाठी तपासणी आधी व्हायला हवी, कारण जिवाणूंचे काम इतके झटपट सहसा होत नाही. जातींची तपासणीही हवी. बॅसिलस सेरियस हा विष तयार करू शकणारा भाऊबंद उपयुक्त बॅसिलस सब्टिलिसच्या नावाखाली पाकिटात शिरू शकतो, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके वाहणारे वाण तलावात सोडणे म्हणजे ती जनुके व्हिब्रिओच्या हाती देणे.

पाकीट तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १ ग्रॅम भुकटी ९९ मिलिलिटर निर्जंतुक मीठ-पाण्यात, मग दहापट-दहापट विरलन, आणि पोषक अगरवर ३० अंशांना २४ ते ४८ तास. त्याच द्रावणाचा एक भाग ८० अंशांना १० मिनिटे तापवून पुन्हा पेरला की बीजाणूंची संख्या कळते. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर पाकीट गोदामात लवकर मरणार. टीसीबीएस अगरवर (व्हिब्रिओ ओळखायच्या माध्यमावर) व्हिब्रिओची एकही वसाहत येता कामा नये. जातीची खात्री जनुकीय चाचणीने, ती प्रत्येक पाकिटाची नव्हे, प्रत्येक उत्पादनाची एकदा आणि नंतर अधूनमधून. एवढे काम जिवाणू खताच्या प्रयोगशाळांतील माणसे रोज करतातच.

त्यामुळे मागणी अशी. पाण्यात टाकायच्या आणि खाद्यात मिसळायच्या प्रत्येक प्रोबायोटिकच्या पाकिटावर जात आणि वाण, मुदतीच्या शेवटच्या दिवशी हमी असलेली ग्रॅममागची जिवंत संख्या, त्यातले बीजाणू किती, कोणत्या क्षारतेत काम करतो, साठवणुकीचे तापमान आणि बॅच क्रमांक मराठीतही छापणे सक्तीचे करावे. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात दुकानांतून, कंपनीला न कळवता, नमुने उचलावेत आणि बॅचनिहाय निकाल आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर लावावेत, चांगले आलेलेसुद्धा. प्रामाणिक उत्पादकाला याचा फायदाच होईल. आज त्याचे महाग पाकीट आणि भाताच्या कोंड्याचे स्वस्त पाकीट शेतकऱ्याला सारखेच दिसते.

अनुदानातून प्रोबायोटिक वाटायचेच असेल, तर त्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. एकाच शेतावरचे, एकाच दिवशी, एकाच बीजाचे सहा तलाव. तीन तलावांत उत्पादन, तीनमध्ये नाही, बाकी सर्व सारखे, आणि कोणत्या तलावात काय पडते हे नोंद घेणाऱ्याला माहीत नसावे. दर आठवड्याला पाण्यातल्या आणि यकृतातल्या, टीसीबीएसवर हिरव्या-पिवळ्या वसाहती देणाऱ्या व्हिब्रिओची गणना, अमोनिया, नायट्राइट, सरासरी वजन. शेवटी जगण्याचे प्रमाण आणि एक किलो कोळंबीला लागलेले खाद्य. अशा दोन पिकांच्या नोंदी नसतील, तर सरकारी पैशाने ते उत्पादन घेऊ नये.

पहिल्या नमुन्यांसाठी वेळ पावसाळ्यातच आहे. जूनअखेर बहुतेक तलाव रिकामे होतात, दुकानांत जुना माल पडून असतो आणि प्रयोगशाळांवर ताण कमी असतो. जुलैत नमुने उचलले, तर दुसऱ्या पिकाचे बीज पडण्यापूर्वी निकाल शेतकऱ्यांच्या हाती देता येतील. नमुना घेण्याची पद्धत, विरलनाचे तक्ते आणि ड्रममध्ये जिवाणू वाढवण्याचे मराठी पत्रक तयार करून द्यायला, आणि जिल्हा कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना तलावावर प्रत्यक्ष शिकवायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील कोळंबी तलावांवर रोगनिदान आणि जलव्यवस्थापनाचे काम करणारे तंत्रज्ञ